डोक्यावरची रेघ

आमच्या घरी माणसाची पारख अक्षरावरून व्हायची. कुणी पाहुण्याने निघताना कागदावर नुसता पत्ता लिहून दिला तरी तो गेल्यावर आई तो कागद उजेडात धरून बघायची आणि "माणूस चांगला आहे, पण घाईचा आहे" किंवा "याच्या वेलांट्या पाहा, हा कोणाचं ऐकत नसेल" असा निकाल देऊन मोकळी व्हायची. आई नागपूरची. लग्नाआधी ती तिथल्या एका शाळेत मराठी शिकवायची. बाबांना चंडीगडला, सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि आईची शाळा सुटली, पण तिच्यातल्या शाळेच्या बाई काही सुटल्या नाहीत. दर रविवारी सकाळी आमच्या सरकारी क्वार्टरच्या बैठकीत ती शहरातल्या मराठी डॉक्टर-प्राध्यापकांच्या मुलांचा अक्षरवर्ग घ्यायची. मुलांना मराठी कळायचं, पण उत्तरं हिंदीत यायची. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्या कपूर आंटींच्या मिक्सरची घरघर, आणि या सगळ्याच्या वर आईचा आवाज: "आधी शब्द पुरा करायचा. मग डोक्यावर रेघ. एका दमात, मधी हात उचलायचा नाही."

एकदा एका मुलाने धीर करून विचारलं, "पर आंटी, लाइन के बिना भी तो पढ़ा जाता है." आईने शांतपणे त्याची वही सरळ केली आणि म्हणाली, "बिना छप्पर के घर में भी रहा जाता है बेटा. तुम रहोगे?" त्या मुलाने रेघ दिली. आजही तो कुठेतरी शिरोरेघ देत असेल, डॉक्टर झाला असेल तर प्रिस्क्रिप्शनवरसुद्धा. मी तर त्या बैठकीतच वाढले, त्यामुळे माझ्या हाताला ती सवय श्वासासारखी लागली. शब्द संपला की हात आपोआप उचलला जायचा, डावीकडे मागे यायचा आणि सरळ रेघ ओढून खाली उतरायचा. माझ्या डोक्याचा त्यात काही संबंध नसायचा.

कॉमर्सची पदवी घेऊन मी घरी बसले होते तेव्हाची गोष्ट. घरी बसलेल्या मुलीला बघायला लोक येतात, म्हणून संध्याकाळी घराबाहेर राहता येईल असा कुठलाही वर्ग मला चालणार होता. विद्यापीठात फ्रेंच शिकायला गेले तर जागा भरलेल्या. खिडकीतल्या बाबूला माझी दया आली असावी. तो म्हणाला, "चाइनीज़ में सीट है जी. पंखे के नीचे है." माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय असा पंख्यामुळे झाला. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "अवघड भाषा आहे," आणि आई म्हणाली, "त्यांचं अक्षर कसं असते?"

आमच्या सूद मॅडम पंजाबी, पण बरीच वर्षं चीनमध्ये राहून आलेल्या. त्यांचा एक हट्ट होता: सगळं पेनाने लिहायचं. मोबाइलवर नुसता उच्चार टाइप केला की चिनी अक्षरं रांगेत येऊन उभी राहतात, आपण फक्त बोट ठेवायचं. मॅडम म्हणायच्या, "फ़ोन पे तो मेरी बिल्ली भी चाइनीज़ लिख लेगी. मुझे तुम्हारा हाथ देखना है." चौकोनांच्या वहीत, प्रत्येक चौकोनात एक अक्षर. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, हे ठरलेलं. आडवी रेघ उजवीकडे जाताना किंचित वर चढवायची, उभी मात्र ओळंब्यासारखी सरळ. डावीकडचा भाग अंग चोरून बसवायचा, म्हणजे उजवीकडच्याला जागा मिळते. मला हे सगळं भराभर जमलं. मी आईच्या हाताखाली तयार झालेली मुलगी, कित्ता गिरवणं मला नवीन नव्हतं. अडचण फक्त एका जागी आली.

चिनी अक्षरांना शिरोरेघ नसते. एवढंच असतं तर निभावलं असतं, पण चिनी लिपीत जादा रेघ म्हणजे नुसती चूक नाही, तो वेगळाच शब्द असतो. 大 म्हणजे मोठा. त्याच्या डोक्यावर रेघ दिली की 天 होतं, म्हणजे आकाश. 土 म्हणजे माती. रेघ दिली की 王, म्हणजे राजा. माझा हात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर रेघ ओढायचा, तेवढ्यात मला आठवण यायची आणि मी थांबायचे. तोवर व्हायचं ते होऊन जायचं. "आमचं घर मोठं आहे" असं लिहायला गेले तर आमचं घर आकाश झालं. बटाट्याला चिनीत मातीतली शेंग म्हणतात. माझ्या निबंधात पंजाबी लोक सकाळी राजशेंगेचे पराठे खात. आणि 白, म्हणजे पांढरा, त्यावर रेघ पडली की 百, म्हणजे शंभर. दुसरं अक्षर तांदळाचं, पण तेच मीटर या मापालाही वापरतात. "माझी आई दुपारी पांढरा भात खाते" हे वाक्य मॅडमनी वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं: माझी आई दुपारी शंभर मीटर खाते.

"बेटा, ये हर चीज़ पे छत क्यों डाल देती हो?" मॅडमनी विचारलं. खरं तर वर्गातल्या सगळ्यांनाच ही खोड होती, कारण हिंदीवाले काय आणि पंजाबीवाले काय, सगळेच छपराखाली वाढलेले. फक्त एक गुजराती मुलगा होता, त्याच्या लिपीत रेघच नाही. तो पहिला यायचा आणि आम्ही त्याच्याशी फारसं बोलत नसू.

घरी आईने माझी चिनी वही तपासायला घेतली. तिला त्यातलं एकही अक्षर येत नव्हतं, पण लाल पेन घेऊन ती बसली आणि "हे पडून राहिलं," "याचं पोट सुटलं," "हे दोघं भांडले का, इतके दूर दूर काहून बसले?" असे शेरे मारत गेली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी नेमक्या त्याच अक्षरांना गोल केले. मला दोघींची मनापासून धास्ती वाटायला लागली. बाबांनी भिंग आणून माझ्या आडव्या रेघांचा चढ मोजला आणि सगळ्या रेघांचा चढ सारखा नाही असं जाहीर केलं. मग त्यांनी स्वतः बसून मला फुली मारलेल्या चौकोनांचे कागद आखून दिले. घरात तिघं जण चिनी अक्षरांवर वाद घालत होतो आणि त्यातल्या दोघांना चिनी येत नव्हतं. रेघेवरून मात्र आईशी रोज खटके उडायचे.

"डोक्यावर काहीच नाही यांच्या?"

"नसतं आई त्यांच्यात."

"उघडे बोडके दिसून राहिले." ती पान उलटायची. "दिली असती तर काय बिघडते? कागद फाटते का?"

मी तिला शंभर मीटरची गोष्ट सांगितली. ती खूप हसली, आणि मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "पण रेघ सरळ आली होती ना?"

एवढ्यात बाबांची निवृत्ती जवळ आली. क्वार्टर सोडावं लागणार होतं. नागपूरला आजोबांनी घेऊन ठेवलेला फ्लॅट होता, आणि आईने त्याच्या पडद्यांचे रंगसुद्धा ठरवले होते. त्या ठरवण्यात मीही धरलेली होते. मागची खोली तुझी, असं ती दोन वेळा जेवताना सांगायची. मी चंडीगडची. इथेच जन्मले, इथल्या सरळ रस्त्यांवर सायकल शिकले, भांडले तर हिंदीत आणि स्वप्नात बोलले तर अर्धं पंजाबीत. नागपूरला गेले की चुलतभाऊ मला "पंजाबी पोट्टी" म्हणायचे आणि दही-पराठा खायची का म्हणून विचारायचे. मला जायचं नव्हतं. पण नोकरी नसलेल्या मुलीने एकटीने चंडीगडला का राहायचं? आई रोज विचारायची, "तिथं काय कमी आहे?" आणि मी रोज मान खाली घालून पाटोडीचा रस्सा ओरपायचे. वाद घालायला तोंड रिकामं लागतं.

मोहालीच्या बराड साहेबांकडची नोकरी मला मिळाली ती अक्षरावर. त्यांचा नमकीनच्या पुड्या भरणारी मशिनं चीनहून आणून विकायचा धंदा होता. चीनमधल्या कंपनीचे लिन साहेब भेटीला येणार होते आणि बराड साहेबांना दुभाषी हवी होती. त्यांनी मला पेनाने काहीतरी लिहून दाखवायला सांगितलं. बघून म्हणाले, "कंप्यूटर से तो हर कोई निकाल लेता है. हाथ से लिखा होगा तो उसे लगेगा, अपना बंदा है." भेट नीट पार पडली तर मी पक्की, नाहीतर राम राम. बराड साहेब असं स्पष्ट बोलायचे, त्यामुळे त्यांचा राग येत नसे. मी स्वागताचा फलक, टेबलावरच्या नावाच्या पाट्या, जेवणाच्या पदार्थांची चिठ्ठी, सगळं घरी बसून सावकाश लिहिलं. एकाही अक्षरावर छप्पर नाही. आईने पाहिलं आणि पहिल्यांदाच काही शेरा मारला नाही. तिने नुसता कागद परत दिला आणि भांडी आवरायला गेली.

भेटीच्या दिवशी सकाळी मला कळलं की कारखान्याच्या मागच्या खोलीत एक भानगड आहे. आदल्या वर्षी लिन साहेबांनी पाठवलेलं मोठं मशीन तिथे सुट्या भागांत पडलं होतं. जोडायला कुणाला जमलं नव्हतं, आणि बराड साहेबांनी मात्र मशीन उत्तम चालतंय असं वेळोवेळी कळवलं होतं. मानी माणूस, विचारायचं कसं? त्यावर एक जुनी फुलाफुलांची चादर टाकली होती. "इस दरवाज़े पे कुछ लिख दे पुत्तर," ते म्हणाले, "पढ़ के ख़ुद ही मुड़ जाए. झूठ भी न बोलना पड़े." गाडी फाटकाशी आली होती. मी पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, तो दाराला टेकवला आणि जाड मार्करने उभ्या उभ्या दोन अक्षरं लिहिली: 止步. पहिलं अक्षर थांबणे, दुसरं पाऊल. म्हणजे पुढे येऊ नका. चीनमध्ये दारोदारी असते ही पाटी. लिहिली, खिळ्याला अडकवली आणि स्वागताला धावले.

लिन साहेब साठीचे, लहानखुरे, गंभीर चेहऱ्याचे. सोबत एक तरुण इंजिनियर. आदल्या दिवशी बराड साहेबांनी त्यांना अटारीच्या सीमेवर नेलं होतं, तिथले जवान पाय कपाळापर्यंत उचलून संचलन करतात ते दाखवायला, आणि त्याची आठवण काढून तो तरुण अजून हसत होता. स्वागताच्या फलकापाशी लिन साहेब बराच वेळ थांबले. नावाची पाटी त्यांनी उचलून जवळून पाहिली. बराड साहेबांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. चहा झाला, कारखाना फिरून झाला, आणि आम्ही त्या दारापाशी आलो. लिन साहेबांनी पाटी वाचली. चष्मा काढला, पुसला आणि परत वाचली. मग मी वाचली.

थांबण्याच्या अक्षरावर रेघ होती. सरळ, एका दमात ओढलेली, आईला आवडली असती अशी. 止 चं 正 झालं होतं. आणि हा नुसता चुकीचा शब्दही नव्हता, तिथेच तर घात होता. 正步 असा शब्द आहे. चीनमधल्या प्रत्येक विद्यार्थ्याला कवायतीत तो शिकवतात. सैनिक गुडघा न वाकवता पाय वर फेकत चालतात ना, त्या चालण्याला तसं म्हणतात. माझी पाटी पाहुण्यांना सांगत होती की या दारातून संचलन करत जावं. पडद्यांसकट नागपूरची मागची खोली डोळ्यांपुढे उभी राहिली.

लिन साहेबांनी हातातली बॅग खाली ठेवली. कोट खाली ओढून सरळ केला, हनुवटी वर उचलली, आणि त्या साठीच्या गंभीर माणसाने पाय ताठ करून कमरेपर्यंत वर फेकला. तरुण इंजिनियर त्यांच्या मागोमाग तसाच निघाला. बराड साहेबांना वाटलं की कालच्या अटारीला ही मानवंदना आहे. "ओ वाह जी," म्हणून तेही पाय फेकत रांगेत सामील झाले, आणि त्यांचा पाय अर्थातच सगळ्यांत वर गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. लिन साहेबांच्या तिसऱ्या की चौथ्या पावलाने ते उघडलं आणि तिघंही त्याच चालीने आत जाऊन फुलाफुलांच्या चादरीसमोर उभे राहिले. मला अजूनही झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असताना ते दृश्य आठवतं आणि मी एकटीच गाडीत हसते. शेजारच्या गाडीतले लोक काच वर करतात.

चादरीच्या बाहेर मशीनचा एक हात आला होता. बराड साहेब म्हणाले, "सर्विसिंग चल रही है जी." मी भाषांतर केलं. लिन साहेबांनी विचारलं, किती दिवसांपासून? मी तेही विचारलं. "बता दे पुत्तर, थोड़े दिनों से." लिन साहेबांनी चादरीवरच्या धुळीवरून बोट फिरवलं आणि त्याकडे बघितलं, तेव्हा माझं भाषांतर करायचं राहून गेलं. मग त्यांनी चादर काढली. एक एक भाग उचलून पाहिला, आणि एका रुळाशी येऊन त्यांना हसू फुटलं. रूळ उलटा बसवला होता. तो उलटा बसल्यावर पुढचं काहीच बसणं शक्य नव्हतं. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला, बाह्या वर केल्या आणि जेवणाची चिठ्ठी तशीच टेबलावर राहिली. संध्याकाळी त्या मशीनमधून भुजियाच्या पुड्या फटाफट पडायला लागल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी जेवणाऐवजी त्याच फोडून खाल्ल्या.

निघताना लिन साहेबांनी ती पाटी मागितली. मला म्हणाले, त्यांच्या कचेरीत आता कुणी पेनाने लिहीत नाही, त्यांच्या मुलालाही अर्धी अक्षरं आठवत नाहीत. "तुमचं अक्षर फार चांगलं आहे. फक्त एक रेघ जास्त आहे." मी त्यांना आमच्या रेघेबद्दल सांगितलं आणि त्यांचं नाव देवनागरीत लिहून, वर रेघ देऊन दाखवलं. त्यांनी तो कागदही खिशात ठेवला. त्यांची गाडी गेल्यावर बराड साहेबांनी विचारलं, "तूने लिखा क्या था उस पे?"

"रुको."

"रुके तो नहीं."

"नहीं जी."

"चंगा होया. पक्की है तू. सोमवार से टाइम पे आना."

सेक्टर त्रेचाळीसपर्यंत बसने आणि तिथून घरापर्यंत ऑटोने येताना मी भाषण तयार केलं. नोकरी आहे, पगार आहे, मी आता लहान नाही, नागपूरला माझे कुणी मित्र नाहीत. आईचं प्रत्येक उत्तर मी आधीच ऐकलेलं होतं, त्यामुळे तिच्या बाजूनेही मीच बोलत होते आणि ऑटोवाला आरशातून बघत होता. घरी बाबा एकटेच होते, पुस्तकं खोक्यांत भरत होते. आई सकाळपासून बाहेर गेली आहे एवढंच त्यांना माहीत होतं. थोड्या वेळाने ती आली. चपला काढल्या, खुर्चीत बसली आणि पायाचे तळवे चोळायला लागली. मी भाषणाची सुरुवात विसरले आणि शेवटच बोलले.

"आई, मला नोकरी पक्की झाली. मी नागपूरला येणार नाही."

"पाणी दे आधी," ती म्हणाली. पाणी प्यायली. "खोली पाहून आली मी."

"कुणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? तुझ्यासाठी. दोन घरं पाहिली, नाही आवडली. तिसऱ्या घरची बाई बरी आहे. बोलते फार, पण जीव लावेल."

"पण नोकरी तर आत्ता संध्याकाळी पक्की झाली. तू सकाळीच गेली होतीस."

"हो मग."

"आणि नसती झाली तर?"

"तर दुसरी शोधली असती. खोली तर लागलीच असती नं."

इतके महिने मी ज्या भिंतीवर डोकं आपटत होते तिला दार होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी रागच आला. मी विचारलं, मग रोज जेवताना मागची खोली तुझी म्हणून माझा जीव काहून खात होतीस?

"मी आई आहे, म्हणणार नाही का?" ती म्हणाली. मग रिकामा पेला हातात फिरवत बसली. "नागपूर माझं घर आहे. तिथं गेली की मी घरी जाईन. तू आली तर पाहुणी होशील. इतकी वर्षं मी इथं पाहुणी म्हणून राहिली, माहीत आहे मला ते कसं असते."

बाबांच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. मी त्या घरात जन्मले, तिथे तिला रोज सकाळी उठताना आणि रात्री दिवा घालवताना पाहिलं, आणि तिला इथे परकं वाटत असेल हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी खाली बसून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडले. ती केसांतून हात फिरवत राहिली, आणि जरा वेळाने बाबांना म्हणाली, "हिच्या नव्या खोलीच्या खिडकीला जाळी नाही. उद्या जाऊन माप घेऊन या. डास फार आहेत."